घाटावरचे डोळे

श्रावण लागला की आमच्या घरात भाकरीलासुद्धा रंगाची चव यायची. पेणला आम्ही राहायचो त्या आळीत पुढच्या खोल्यांमध्ये गणपतीचा कारखाना आणि मागच्या दोन खोल्यांत संसार, अशी घरोघरची रीत होती. मधली भिंत नावालाच. पीओपीची पांढरी भुकटी उंबरा ओलांडून आत यायची आणि पिठाच्या डब्यावर, देवघरातल्या समईवर, आमच्या पापण्यांवर बसायची. आई सारखी फडकं मारत असायची आणि सारखी बोलत असायची. “मेलं, यातलं पीठ कुठलं आणि प्लास्टर कुठलं, मलाच आता कळत नाय,” असं म्हणत ती तांदळाची भाकरी तव्यावर टाकायची. सोबत वालाचं बिरडं. श्रावण असल्यामुळे सुकट-जवळा बंद, त्यामुळे आमचे चेहरे जरा उतरलेले. पुढच्या खोलीतून पॉलिश पेपर घासल्याचा खर्रखर्र आवाज, रंगाच्या मशीनची घरघर, आणि कुणीच ऐकत नसलेला रेडिओ. त्या आवाजातच मी अभ्यास केला, त्या आवाजातच झोपले. आजही एकदम शांत घरात मला झोप येत नाही. डॉक्टर म्हणतात वय झालं. मी म्हणते, वयाचा काय संबंध?

हे सगळे आवाज एका कामासाठी मात्र बंद व्हायचे. माझे वडील, आप्पा, आखणीला बसले की. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. आमच्या कारखान्यात साचे भरणारे वेगळे, घासणारे वेगळे, पितांबर नि शेला रंगवणारे वेगळे. डोळे मात्र फक्त आप्पा. सकाळी आंघोळ करून, चहासुद्धा न घेता ते पाटावर बसायचे. आई शेगडीवरचा कुकर उतरवून ठेवायची, कारण मध्येच शिट्टी झाली आणि हात हलला तर सगळ्या घराचा उद्धार व्हायचा. एकदा मला शिंक आली तर मी ती उशीत तोंड खुपसून काढली होती. आप्पा श्वास धरायचे, एक रेघ ओढायचे, श्वास सोडायचे. आणि इतका वेळ नुसता रंगवलेला गोळा असलेला तो गणपती एकदम आपल्याकडे बघायला लागायचा. मला दरवर्षी त्या क्षणाची भीती वाटायची. आप्पांचा नियम एकच होता: “नजर समोर बसणाऱ्याकडं पायजे. माणूस नमस्काराला वाकला की त्याला वाटलं पायजे, हा माझ्याकडंच बघतोय.” दुपारी उठायचे तेव्हा त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला असायचा. नांगर धरून आल्यासारखे दमायचे ते. नुसते डोळे काढून एवढं कोण दमतं, असं मला वाटायचं.

हे कोडं माझ्या मोठ्या बहिणीला कधीच पडलं नाही. सुलभाताई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. आखणीच्या वेळी आप्पांच्या शेजारी काळ्या रंगाची वाटी धरून बसण्याचा मान तिचा, आणि ती तो कुणाला देत नसे. तिचा हात विलक्षण होता. कोळसा मिळाला की जमिनीवर डोळे, पेन मिळालं की वहीवर डोळे. एकदा तिने टोपलीतल्या सगळ्या बटाट्यांना डोळे काढून ठेवले. आई विळी घेऊन बसली आणि तशीच उठली. “कापू कशी गो यांना? बघतायत ना माज्याकडं!” त्या दिवशी आम्ही नुसता वरण-भात खाल्ला. आप्पा त्या बटाट्यांकडे बराच वेळ बघत राहिले. हसले नाहीत. म्हणाले, “हात माझाच हाय.” पण मूर्तीचे डोळे त्यांनी तिला कधी काढू दिले नाहीत. मुलीच्या हातून डोळे उघडायचे नाहीत, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, आणि त्यांच्या वडिलांना कुणी सांगितलं होतं ते विचारायची सोय नव्हती. ताईने कधी हट्ट केला नाही. दोघंही एकाच मातीची. मनातलं तोंडावर आणायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटायचा.

कारखान्याचा आणखी एक रिवाज सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मूर्तीत काही राहिलं, बोटाचा रंग उडाला, कान दुखावला, तर गिऱ्हाईक ती परत घेऊन येतं. मग कितीही घाई असो, चतुर्थीची पहाट असो, मूर्तिकाराला नाही म्हणता येत नाही. आदल्या वर्षी ज्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं, तोसुद्धा मूर्ती घेऊन दारात आला की आप्पा त्याला आधी पाट द्यायचे, पाणी द्यायचे, मग ब्रश उचलायचे. परत आलेल्या मूर्तीपुढे राग धरायचा नाही, असं ते म्हणत.

ताईचं लग्न रोह्याला झालं. भाऊजी धाटावला कंपनीत होते. तीन शिफ्ट, दोन चाकं आणि तोंडात कायम गाणं, असा माणूस. घर नदीकाठच्या आळीत, मागच्या दारातून कुंडलिका दिसायची. आप्पा साऱ्या कारखान्याचे गणपती पीओपीचे करत, कारण सगळेच करत. पण दोन मूर्ती शाडूच्या, साच्याशिवाय, हाताने घडवायचे. एक आमच्या घरची आणि एक ताईच्या. दरवर्षी भाऊजी नवीन उपरणं घेऊन यायचे, आप्पा स्वतः मूर्तीचं तोंड झाकून द्यायचे. लेक सासरी पाठवताना म्हणाले नसतील एवढ्या वेळा “जपून न्या” म्हणायचे.

मी कॉलेजात असताना एका वर्षी गणपती झाल्यावर ताईकडे राहायला गेले. आमच्या घरी तो काळ झोपेचा. अनंत चतुर्दशी झाली की आप्पा चार-पाच दिवस नुसते झोपून काढायचे, आई तळणीच्या मिरगुंडांचं पीठ काढायची, आळीत चिटपाखरू नसायचं. गणपती जाताना आम्ही हजारदा बघितले होते. टेम्पोत, ट्रकमध्ये, लोकांच्या डोक्यावर; रोह्याच्या बाजारातले बहुतेक आमच्याच कारखान्यातले. गेल्यावर त्यांचं काय होतं, ते बघायला पेणमधलं कुणी कधी कुठे गेलं नव्हतं. पीओपी पाण्यात विरघळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं.

ताई मला मागच्या दाराने घाटावर घेऊन गेली. पाणी ओसरलं होतं. चिखलात गणपती पडले होते, एकावर एक. कुणाची सोंड नाही, कुणाचा हात नाही, कुणी तोंडावर, कुणी पाठीवर. निर्माल्याच्या कुजक्या ढिगात कुत्री उकरत होती. बायका तिथेच जरा बाजूला धुणं धूत होत्या. अंगावरचा रंग वाहून गेला होता, पितांबर पांढरे पडले होते. पण डोळे तसेच. आप्पा डोळ्यांना चांगला तेलाचा रंग वापरायचे, तो कशाने जात नसे. पाठीवर पडलेले ते सगळे आभाळाकडे बघत होते. मी तिथल्या तिथे ओळखलं. पापणीच्या टोकाला आप्पा रेघ जराशी वर उचलायचे, ती इथे, तिथे, सगळीकडे.

“बघितलंस?” ताई म्हणाली. “मला घरात जेवण जात नाय गो. मागचं दार उघडलं की आप्पा बघतायत असं वाटतं. इतकं दमून काढलेले डोळे, आणि चिखलात.”

“सांगूया आप्पांना,” मी म्हटलं.

“अजिबात नाय!” ती एवढ्या जोरात म्हणाली की धुणं धुणारी बाई वळून बघायला लागली. “त्यांना वाटतं, गणपती गेला म्हणजे गेला. वाटू दे. हे कळलं तर त्यांचा हात उठायचा नाय पुन्हा. तू शब्द दे मला.”

मी शब्द दिला.

पुढच्या वर्षी ताईने घाट साफ करायला घेतला. हळदीकुंकवाला जमणाऱ्या बायका, भाऊजींच्या शिफ्टमधले दोघं-तिघं, आणि पार्वतीकाकू. पार्वतीकाकू खाडीकडच्या, सारं आयुष्य मिठागरात गेलेलं. लेकाने रोह्याजवळ वरसेला घर बांधलं म्हणून इकडे आलेल्या. घरात करमत नाही म्हणून फावडं घेऊन सगळ्यांच्या आधी घाटावर. आळीतल्या जुन्या लोकांनी आडकाठी केली. विसर्जन झालेला देव पाण्याबाहेर काढायचा नसतो, अपशकुन होतो. ताई शांतपणे म्हणाली, “बाहेर काढत नाय, आजोबा. अर्ध्या वाटेत अडकलेत, त्यांना पुढं पोचवतेय.” अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी बायकांनी चिखलात उतरून मूर्ती गोळा केल्या, ताडपत्रीवर मांडल्या, पुन्हा एकदा आरती म्हटली आणि ट्रॅक्टरने जुन्या खाणीच्या खोल पाण्यात नेऊन सोडल्या. निर्माल्य पोत्यांत भरून वाडीवाल्यांना खताला दिलं. मग पायऱ्या घासल्या. कारखान्यात दरवर्षी डब्यांच्या तळाला रंग उरायचा, तो आई गुपचूप माझ्याकडे द्यायची आणि मी एसटीने रोह्याला न्यायचे. त्या रंगाने ताईने घाट रंगवला. पायऱ्या पितांबराच्या पिवळ्या, कठडा शेल्याच्या गुलाबी, आणि कडेला जुन्या डब्यांमध्येच जास्वंदीची नि तुळशीची रोपं. कुत्री गेली. संध्याकाळी म्हातारी माणसं तिथे येऊन बसायला लागली, आडकाठी करणारे आजोबा सगळ्यात आधी.

आता घाटबिट साफ करायच्या मोहिमा होतात, मी बघते. एकसारखे टी-शर्ट, हातमोजे, मागे फलक, आणि झाडू हातात घेतल्या घेतल्या फोटो. काम होतं, नाही असं नाही. मी नावं ठेवत नाही. पण फोटो काढताना ती मुलं पायाखालच्या मूर्तीकडे पाठ करून उभी राहतात, तेव्हा मला तिथे थांबवत नाही.

ताई एक गोष्ट जास्तीची करायची. ट्रॅक्टरवर मूर्ती चढवायच्या आधी ती काठावरचा मऊ चिखल बोटावर घ्यायची आणि प्रत्येक मूर्तीच्या डोळ्यांवर हळूच लावायची. आधी उजवा, मग डावा. झोपलेल्या मुलाच्या तोंडावर उजेड पडला की आई पदर ओढते, तसं. पार्वतीकाकूंनी विचारलं तेव्हा तिने त्यांना खरं ते सांगितलं. मग काकूही लावायला लागल्या, मग सगळ्याच बायका.

हे नेमकं आमच्या पेणच्या एका रंगाच्या व्यापाऱ्याने बघितलं. त्याची सासुरवाडी वरसेला. त्याने बघितलं ते खोटं नव्हतं, पण त्याला दिसलं तेवढंच त्याने सांगितलं. कारखान्यात चहा पिता पिता, दहा माणसांसमोर. “आप्पा, तुमची लेक रोह्याला देव पाण्यातून ओढून काढते आणि त्यांच्या डोळ्यांत चिखल घालते. मी ह्या डोळ्यांनी बघून आलोय.”

आप्पांनी कप खाली ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, “तिचं नाव या घरात काढायचं नाय.” आई रडली, भांडली, तिने दोन दिवस चूल पेटवली नाही. काही उपयोग झाला नाही. मी एकदा हिय्या करून सुरुवात केली, “आप्पा, ताई ते का करते माहितेय का?” त्यांनी हातातला साचा जमिनीवर आपटला. साचा फुटला. त्यांच्या हातून साचा फुटलेला मी तोवर कधी बघितला नव्हता. मी तुकडे वेचून बाहेर गेले.

दिवाळीला ताई आली. आप्पा कारखान्यात जाऊन बसले आणि आतून कडी लावून घेतली. ताई उंबऱ्याबाहेर उभी राहिली, दाराला हात लावला, पण वाजवलं नाही. आईने केलेल्या करंज्या डब्यात भरून घेऊन निघाली. स्टँडवर मी तिला म्हटलं, “सोडव मला शब्दातून. मी सांगते त्यांना.”

“काय सांगशील? की तुमचे गणपती तोंडावर पडून कुजतात?” ती म्हणाली. “माझ्यावर रागावलेत ते बरंय गो नंदे. राग उतरतो. हे नाय उतरायचं.”

गाडी हलली तेव्हा तिने खिडकीतून माझ्या हातात दोन करंज्या दिल्या. “तुला खाताना बघितलंच नाय मी,” म्हणाली. मी त्या स्टँडवरच उभी राहून खाल्ल्या.

पुढच्या श्रावणात आप्पा शाडू मळायला बसले तेव्हा आई आणि मी श्वास रोखून बघत होतो. एकच मूर्ती होते की दोन? दोन झाल्या. आईने देवापुढे साखर ठेवली. हरितालिकेच्या दिवशी भाऊजींना शिफ्टमधून सुटी मिळेना, म्हणून मूर्ती न्यायचं माझ्याकडे आलं. आप्पांनी नेहमीसारखं तोंड झाकलं, गाठ जरा जास्तच घट्ट बांधली. “वाटेत सोडायचं नाय,” म्हणाले. “तिथं जाऊन तिलाच सोडू दे.” मांडीवर मूर्ती घेऊन मी एसटीत बसले. नागोठण्यापर्यंत मनातल्या मनात नाचत होते मी. राग उतरला होता. आप्पांनी मूर्ती दिली होती.

ताई दारात पाणी-दूध आणि औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. सासूबाई, शेजारणी, सगळे. तिने पायावर पाणी घातलं, ओवाळलं, गाठ सोडली, उपरणं बाजूला केलं.

डोळे नव्हते. मुकुट होता, गंध होतं, सोंडेवर बारीक वेलबुट्टी होती, भुवया होत्या. भुवयांखाली दोन पांढऱ्या जागा.

“अगो बाई, हे काय?” सासूबाई म्हणाल्या.

ताईने उपरण्याची घडी घातली. मग म्हणाली, “गर्दीचे दिवस असतात. राहिलं असेल.” आप्पांच्या हातून डोळे राहतील हे तिथे कुणालाही पटलं नाही, आणि तिला तर नाहीच. तिला वाटलं ते मलाही वाटलं: डोळ्यांत चिखल घालतेस ना, मग घे बिनडोळ्यांचा. भाऊजींनी शेजाऱ्यांकडून पेणला फोन लावला. आईने घेतला. आप्पा फोनवर आले नाहीत, काम चाललंय म्हणून निरोप. दुपारभर ताई मोदकांसाठी नारळ खवत होती आणि रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की हात थांबवत होती. एवढ्या गर्दीत ते यायचे नाहीत हे कारखान्यातल्या मुलीला का कळत नव्हतं? तरी थांबवत होती.

चतुर्थीला भटजी यायच्या आधी ती आंघोळ करून, चहा न घेता पाटावर बसली. “नंदे, कुकर उतरव,” म्हणाली. लग्नात आणलेल्या ट्रंकेतून तिने एक बारीक ब्रश काढला. तो आप्पांचा होता, केव्हा आणला होता कोण जाणे. वाटी मी धरली. तिने श्वास धरला, रेघ ओढली, श्वास सोडला. थेट आप्पा. पापणीचं टोक वर उचललं तसंच. पण बुबुळ भरलं आणि माझ्या लक्षात आलं.

“ताई, नजर चुकली. समोर नाय, दाराकडं गेली.”

“चुकली नाय,” ती ब्रश पुसत म्हणाली. तिचा पदर घामाने भिजला होता. “येणाऱ्याला दिसायला नको?”

गौरींबरोबर तो गणपती गेला. मागच्या दारातून पिवळ्या पायऱ्यांवरून उतरून भाऊजींनी पाण्यात सोडला. आप्पांनी इतक्या मायेने मळलेला शाडू होता. बघता बघता पाणी जरासं गढूळ झालं आणि पुन्हा स्वच्छ झालं. दाराकडे बघत होता तो, तेवढ्या दिवसांत पेणहून कुणी आलं नाही.

अनंत चतुर्दशीनंतर ताई बायकांबरोबर चिखलात उतरली. पाऊस लागून राहिला होता. एका मूर्तीतली तार तिच्या पायात घुसली. हळद भरून, चिंधी बांधून ती पुन्हा उतरली. पुढे ताप आला. साधाच ताप म्हणून चार दिवस घरी काढा घेतला. मग तिचे डोळे पिवळे झाले आणि तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं. डॉक्टरांनी लेप्टो सांगितला, चिखलातल्या पाण्यातून होतो म्हणाले, त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं. आमच्याकडे फोन आला तेव्हा आप्पा नवरात्रातल्या देवीचा साचा भरत होते. हाताला प्लास्टर तसंच घेऊन ते उठले. गाडीत ते त्यांच्या हातावर वाळलं. आम्ही पोचलो तेव्हा ताई गेलेली होती.

आप्पा रडले नाहीत. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याकडे बघत नव्हते. ताईच्या घरी, माजघरात बसल्या बसल्या आईने मला सांगितलं. “बिनडोळ्यांची पाठवली ती रागानं नाय गो. म्हणत होते, राहिलंय बघून परत घेऊन येईल. आली की मग बोलेन, तोवर तू फोनवर काय सांगायचं नाय. वाटी भरून झाकून ठेवली होती बघ त्यांनी. चतुर्थीच्या पहाटेपर्यंत. सारखं मला विचारत होते, रोह्याची गाडी आली काय?”

मी उठून मागच्या दारात जाऊन उभी राहिले. ती इथे वाट बघत होती आणि ते तिथे. आज इतकी वर्षं झाली, माझी पन्नाशी उलटली, तरी हे वाक्य लिहिताना मला दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटतं.

दहावं घाटावरच झालं. सगळे वर गेले, आप्पा पायरीवर बसून राहिले. मला आईने त्यांच्याजवळ थांबायला सांगितलं. ते पायरीवरून हात फिरवत होते. “हा माझ्या पितांबराचा पिवळा,” म्हणाले. पाणी आणखी ओसरलं होतं आणि तळाशी राहिलेल्या मूर्ती वर आल्या होत्या. तेवढ्यात बायका आल्या, घमेली-फावडी घेऊन. ताईचं उरलेलं काम आज पुरं करायचं त्यांनी ठरवलं होतं. पार्वतीकाकूंनी आप्पांना कधी बघितलं नव्हतं.

“आजोबा, बाजूला व्हा, पाय घसरंल,” त्या म्हणाल्या, आणि वाकून चिखल घेऊन एका मूर्तीच्या डोळ्यांना लावायला लागल्या.

आप्पा उभे राहिले. “हे काय करता?”

“डोले झाकतो, बाबा. आमची सुलभाबाय होती, तिनी शिकवलं. सांगायची, माज्या बापानं उघडलेले डोले हायेत हे. लय दमतो तो उघडताना. चिखलात उघडे नको राहायला.” काकूंनी पदराने नाक पुसलं. “गेली ती. बाप आला का नाय तिचा, देव जाने.”

आप्पांनी चिखलाकडे बघितलं. तिथे किती तरी डोळे होते, आणि सगळे त्यांचेच. ते खाली उतरले, धोतर न खोचताच. गुडघे टेकले. चिखल घेतला आणि पहिल्या मूर्तीचे डोळे झाकले. मग दुसरीचे. बायका थांबून बघत राहिल्या. काकूंना केव्हा तरी कळलं असावं, कारण त्यांनी फावडं बाजूला ठेवलं आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या. सगळ्या मूर्तींचे डोळे आप्पांनी झाकले, शेवटच्या मूर्तीपर्यंत, एकाही बाईला हात लावू दिला नाही.

झाल्यावर ते वर येतील असं मला वाटलं. ते आणखी पुढे गेले, पाण्यात, आणि वाकून तळाशी हाताने चाचपायला लागले.

“आप्पा, काय शोधताय?”

“तिची मूर्ती.”

“शाडूची होती, आप्पा.”

“हो,” ते म्हणाले. “मीच मळली होती.” हात थांबले नाहीत. “डोळे कोणी आखले तिचे?”

“ताईनं.”

“बरे आले?”

“तुमच्यासारखे.”

त्यांनी मान हलवली. ओंजळभर गाळ वर काढला, बोटांनी चाळला, पुन्हा पाण्यात सोडला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “नजर?”

मला खोटं बोलता आलं असतं. समोर, असं म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

“दाराकडं होती, आप्पा,” मी म्हटलं.

आप्पांनी पुन्हा पाण्यात हात घातले आणि अंधार पडून भाऊजी न्यायला येईपर्यंत ते गाळ चाळत होते.